बसकी काठी

सोमवार, १३ जानेवारी २०२५

माल नापास. सगळा नाही, फक्त बसक्या काठ्या. अठराशे नग.

परदेशातल्या पार्टीचा मेल आला आणि सोबत व्हिडिओ. हरेशशेठने जेवणाच्या सुट्टीआधी केबिनमध्ये बोलावलं — मी, फिटर मुकेश, पॅकिंगच्या कौसाबाई, कटिंगवाली दोन पोरं. एवढ्याशा मोबाइलवर सहा डोकी.

व्हिडिओत एक दाढीवाला आडदांड माणूस डोंगराच्या उतारावर बूड टेकून बसलाय. मागे पाठपिशवी, तिला रेललेला. दोन्ही गुडघे वर, टाचा मातीत रोवलेल्या. आमची काठी त्याने पावलांच्या पुढे, उतारावर उभी केली, वरच्या बेचकीत बंदूक ठेवली — आणि बंदूक आली त्याच्या पोटाशी. दुर्बिणीतून बघायला मान पार छातीत खुपसावी लागली. मग कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलला, आणि मोबाइल धरणारा खो खो हसला. शेठने अर्थ सांगितला. "बोल रहा है, ये बच्चों के लिए बनाई है क्या?"

कोणी हसलं नाही.

शेठ म्हणाला, "बसक्याचा माप किसने लिया? सॅम्पल किधर है?"

मुकेश एका दमात बोलला. "सॅम्पल माझ्याकडून हरवलं शेठ. अंदाजाने माप घेतलं. चूक माझी."

मी तिथेच, त्याच्या उजव्या हाताला उभी.

बिचाऱ्याला खरंच वाटतंय की त्याच्याकडून हरवलं.

सॅम्पल हरवलेलं नाही. आमच्या घरी आहे. आण्णांच्या खाटेशी उभं आहे. मी हे लिहितेय आणि ते मला इथून दिसतंय.


मंगळवार, १४ जानेवारी

कौसाबाईंनी तिळगूळ वाटला. घेतला आणि पर्समध्ये टाकला. गोड खायचं तोंड नाही माझं.

एकदा सगळं सरळ लिहून काढते. माणसांना सांगायची हिंमत नाही, निदान वहीला तरी.

सप्टेंबरात हे काम आलं. आनंदनगरच्या एमआयडीसीत आमच्यासारखे पाइप कापणारे छप्पन्न आहेत, त्यात आम्हाला मिळालं म्हणून शेठ खूश. शिकाऱ्यांच्या काठ्या — लांबवरचा निशाणा धरताना बंदूक हलू नये म्हणून खाली टेकू. ॲल्युमिनियमचे दोन पाय, आत लवचिक दोरी, तीन घड्या होतात, वर रबराची बेचकी. तीन उंच्या. उभ्याने मारणाऱ्याची ती उभी, गुडघा टेकणाऱ्याची गुडघी, बसणाऱ्याची बसकी. नावं आम्हीच पाडली. आमच्यातल्या कोणी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. कॅम्प पाचच्या जत्रेत फुगे फोडले असतील तेवढंच.

सॅम्पल हिरव्या पिशवीत आलं. तिन्ही मॉडेल, एकेक. मी क्वालिटीची, म्हणून पहिल्यांदा माझ्या टेबलावर. बसकी उभी करून बघत होते. सहज हात बेचकीत ठेवला. हात कसा गप्प बसला. आणि मला आण्णा आठवले.

आण्णांचा, माझ्या वडिलांचा, उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. चाळीस वर्षं फिटर होता हा माणूस. केसाएवढा फरक बोटाने ओळखायचे. आता चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर वरण शर्टवर. आठ महिने मी भरवत होते. भरवताना ते डोळे मिटून घ्यायचे. मला नको बघायला म्हणून की मी त्यांना नको बघायला म्हणून, कोण जाणे.

त्या गुरुवारी काठीची घडी केली आणि डब्याच्या पिशवीत घातली. शुक्रवारची सुट्टी आहे, शनिवारी परत आणू. मला वाटलं होतं, मुकेशचं तिन्हीचं माप घेऊन झालंय.

शुक्रवारी आण्णा खाटेच्या काठावर बसले, समोर काठी, मनगट बेचकीत — आणि जेवले. स्वतः. पूर्ण ताट. शेवटी बोटं चाटली.

शनिवारी मी काठी नेली नाही.

सोमवारी मुकेशने पूर्ण शॉप उलथंपालथं केलं. उभी आणि गुडघी यांची, पाइप मापात कापायची फिक्स्चर झाली होती, बसकीचं राहिलं होतं. ड्रॉइंगवर नुसतं लिहिलेलं — सॅम्पलप्रमाणे. दिवाळीआधी कटिंग संपवायचं होतं. दुसरं सॅम्पल मागू म्हटलं तर शेठ म्हणाला असता, पार्टीसमोर नाक कापता काय.

"यशोताई, तू कुठे बघितलंस का?" मुकेशने मला विचारलं होतं. मी म्हटलं, नाही रे.

आणि वर शहाणपणा केला. म्हटलं, बसून मारायची काठी आहे ना, मग बसून माप घे, त्यात काय एवढं. जेवायला आपण सगळे पुठ्ठ्यावर बसतोच. मीच बसले. मांडी घालून. वायपरचा दांडा बंदुकीसारखा खांद्याला लावला. मुकेशने माझ्या पुढ्यात, मांडीला लागून पाइप उभा धरला आणि मार्करने रेघ मारली. "आरामात बसलीयस ना ताई?" — "एकदम."

सातशे वीस मिलिमीटर. अठराशे नग त्या रेघेवर कापले गेले. फायनलच्या स्लिपवर सही माझी. ओके, य. शं.

माझी उंची चार फूट दहा इंच.


बुधवार, १५ जानेवारी

मुकेशला काढलं.


गुरुवार, १६ जानेवारी

काल एका ओळीवर थांबले. पुढे लिहवेना.

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "साईं, तेरा बरस का आदमी है, मुझे भी अच्छा नहीं लगता. पर पार्टी ने पूछा है, किसकी गलती, क्या एक्शन लिया. मुझे नाम देना पडेगा." मुकेशने मान हलवली. आपला पाना, कॅलिपर आणि नॅपकिन पिशवीत भरला. कॅलिपर त्याचा स्वतःचा आहे. आण्णांनी दिलेला. त्याला हातात कानस धरायला आण्णांनी शिकवलं, विसाव्या वर्षी, वस्तीतलं पोरगं म्हणून. अजून भेटला की आण्णांच्या पाया पडतो.

गेटपर्यंत गेले त्याच्यासोबत. बोलायचंच ठरवून गेले होते. तो म्हणाला, "ताई, फॅनखालच्या ड्रिलचा पट्टा सैल झालाय, नवीन माणसाला सांग." मी म्हटलं, सांगते.

एवढंच बोलले. पट्ट्याबद्दल.


शुक्रवार, १७ जानेवारी

सुट्टी. सॅम्पलसोबत घडीचा एक कागद होता, तोही इथेच माझ्याकडे, आण्णांच्या औषधांच्या डब्यात. आजवर उघडून बघितला नव्हता. पायलला वाचायला लावला. ती म्हणाली, "मम्मी, हे कशाला पाहिजे तुला?" म्हटलं, ऑफिसचं आहे, वाच मुकाट्याने. पोरगी एकोणीस वर्षांची, इंग्रजी फाडफाड, आईकडे बघायला मात्र वेळ नाही. बरंच आहे.

चित्रंच आहेत सगळी. लांबच्या निशाण्यासाठी बसावं ते सगळ्यात भरवशाचं, असं लिहिलंय. बूड जमिनीला, पाठीला टेका, गुडघे वर, टाचा रोवायच्या. मागच्या हाताचं कोपर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबायचं — गुडघ्याच्या हाडावर नाही, हाड हाडावर घसरतं. काठीचे पाय फाकवून पावलांच्या पलीकडे टेकवायचे. बहुतेक वेळा समोर उतार असतो, म्हणून पाय लांब. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, मग बोट.

पावलांच्या पलीकडे. उतारावर. आणि मी पुठ्ठ्यावर, सपाट कोब्यावर, काठी मांडीला चिकटवून.

घरातल्या काठीला टेप लावली. नऊशे वीस. बरोबर एक वीत जास्त. हे तेव्हाच करता आलं असतं. टेप तर रोज माझ्या खिशात असते. आकडा गुपचूप मुकेशला सांगितला असता — पण कुठून आणलास विचारलं असतं तर? आणि खरं सांगायचं तर गरजच वाटली नाही. काठी खाटेशी उभी असायची म्हणून उंच दिसते असं वाटायचं. बसणं म्हणजे बसणं. माणूस बसतो तो मांडी घालूनच, याच्या पलीकडे डोकं गेलंच नाही.

आण्णा म्हणाले, "कसली मापं घेतेस?" म्हटलं, काही नाही, पुसतेय.

त्यांना मी सांगितलंय की ही कॅमेऱ्याची आहे. पाखरांचे फोटो काढणारे वापरतात. बंदुकीची म्हटलं असतं तर हात लावला नसता. रोज सकाळी बुद्धवंदना म्हणताना पहिलंच शील ते, जीव न मारण्याचं, आणि ते नुसतं तोंडाने म्हणणारा माणूस नाही हा. घरात झुरळ निघालं तर सुपलीत घेऊन जिन्यात सोडतात.

खोटं बोलायचं नाही हेही त्यातच आहे. तेही मी रोज त्यांच्या शेजारी बसून म्हणते.


रविवार, १९ जानेवारी

मुकेशच्या बाकावर नवीन माणूस. ड्रिलचा पट्टा सांगायचा राहिला. आज तुटला.


गुरुवार, २३ जानेवारी

शेठने विचारलं, लांबी वाढवता येईल का, मधे जोड घालून? कापलेला पाइप वाढत नाही. जोड दिला की तिथे डुलतो, आणि सगळी काठीच न डुलण्यासाठी आहे. सगळ्यांना ठाऊक, तरी दोन दिवस खटपट चालली. मग सोडून दिलं. माल तिकडेच भंगारात जाणार. पार्टी नवीन ऑर्डर देणार नाही.

जेवताना कौसाबाई — बारवीकडच्या पाड्यातल्या, रोज दोन रिक्षा बदलून येतात — म्हणाल्या, "मांडी घालून कोण शिकार करतंय गो? मांडी जेवाया घालतात. आमच्यात भाताला डुकरा येतात, राखणीला बाप्ये उकिडवे बसतात, गुडघं वर करून. मला इचारलंव असतं तर." सगळे हसले. पहिल्यांदाच हसले या विषयावर. मग कटिंगवाला म्हणाला, "मुकेशभाई तो गए ना." आणि मान डोलवत सगळे त्यालाच नावं ठेवायला लागले. तेरा वर्षं ज्याच्या डब्यातलं लोणचं खाल्लं त्याला. एवढा जुना माणूस, आणि सॅम्पल हरवतो म्हणजे काय. नक्की घरी नेऊन विकलं असेल, ॲल्युमिनियमला भाव आहे.

मी घास गिळला आणि डबा बंद केला.


शनिवार, २५ जानेवारी

मालिनी आली होती. मुकेशची बायको. मी कामावरून येऊन पाय धूत होते. पदराआड डबा, त्यात आण्णांसाठी नाचणीची पेज. अशा दिवसांतही हात हलवत आली नाही.

आण्णा बाहेरच्या खोलीत, काठी समोर. मी तिला दारातूनच आत स्वयंपाकघरात ओढली. तिला काय वाटलं असेल.

म्हणाली, दहा दिवस झाले, आनंदनगरात एक गेट सोडलं नाही त्यांनी. कुठेही गेलं की विचारतात, तुम्हीच ना ते सॅम्पल हरवणारे. "यशोताई, शेठ तुमचं ऐकतात. एक शब्द टाका ना. हेल्पर म्हणून घ्या म्हणावं, पगार कमी द्या. घरात बसून राहिलेत नुसते. कॅलिपर पुसतात आणि ठेवतात, पुसतात आणि ठेवतात."

मी म्हटलं, बोलते. तिने माझा हात धरला. तिचा हात गरम आणि माझा नळाच्या पाण्याने गार. मला तो सोडवून घ्यायचा होता आणि घेववेना.

जाताना म्हणाली, "ते तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलतात."

जळली माझी जीभ. मी मरत का नाही.


रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. शेठने लाडू दिला. मुकेश दर वर्षी दोरी बांधायचा. आज गाठ बसली नाही, झेंडा अर्ध्यावर अडकला.


शुक्रवार, ३१ जानेवारी

गेले. शेठच्या घरी, कॅम्प पाचला. काठी नेली नाही, म्हटलं आधी बोलू.

सोफ्यावर बसवलं. शेठच्या आईने पापड आणि पाणी आणलं. सिंध्यांच्या घरी पापड खाल्ल्याशिवाय पाणी देत नाहीत. मी पापड खाल्ला. त्याचा आवाज एवढा मोठा वाटला मला त्या खोलीत.

म्हटलं, शेठ, मुकेशला परत घ्या.

"कैसे लूं? उसने खुद बोला ना, मुझसे गुम हुआ."

म्हटलं, सही माझी होती. मी ओके केलं.

"तू क्या करती, तेरे को तो उसने जो माप दिया वो ही चेक करना था. तू टेन्शन मत ले. तेरे घर में बीमार बाप है, बच्ची पढ रही है. तेरे को नहीं निकालूंगा."

हे ऐकायला गेले होते का मी? नाही. पण ऐकल्यावर आत काहीतरी सैल पडलं, आणि ते पडलं हे मला कळलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. पुढचं वाक्य तयार होतं. "सॅम्पल माझ्या घरी आहे." चार शब्द. रिक्षात पाठ केले होते. पापडाचा तुकडा हातात होता, तो मोडत बसले.

मागितली असती तर शेठने तेव्हाच एक काठी दिली असती. हा माणूस असा आहे. कारखान्यातला फॅन जुना झाला तर घरी नेऊ देतो. एकदा तोंड उघडून म्हणायचं होतं, माझ्या वडिलांना हवी आहे. पण वडिलांचा हात थरथरतो, ते सांडतात, मी भरवते — हे बाहेर सांगायचं म्हणजे त्यांची अब्रू, असं मला वाटलं. त्यांची अब्रू झाकली आणि मुकेशची घालवली.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज पुन्हा नाही सांगितलं.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मुकेशला काम लागलं. बदलापूरला, नवीन टॉवर उठतोय तिथे वॉचमन. मालिनीने फोनवर सांगितलं. आवाजात आनंद आणायचा प्रयत्न करत होती.

बदलापूरला जाऊन आले. स्टेशनपासून पुढे लांब आहे, वारुळांसारखे टॉवर उगवलेत सगळीकडे. गेटशी पत्र्याची खोली, बाहेर लाल प्लास्टिकची खुर्ची. त्यात मुकेश. निळा शर्ट, कंपनीचा, दंडावर ढगळ. मला बघून पटकन उठला आणि खुर्ची मला दिली. स्वतः विटांवर बसला.

"बसायचंच काम आहे ताई," म्हणाला. "मस्त आहे. कोण आलं, कोण गेलं, गाडीचा नंबर लिहायचा." बोटं पाहिली त्याची. नखांतलं काळं गेलंय. स्वच्छ हात. एवढे वाईट दिसत होते ते हात मला.

मी सुरुवात केली. मुकेश, ते सॅम्पल —

"जाऊ दे ना ताई. झालं ते झालं." मग एकदम, "आण्णा कसे आहेत? जेवतात ना स्वतःच्या हाताने?"

म्हटलं, हो.

"बास मग," म्हणाला आणि एका ट्रकसाठी गेट उघडायला गेला.

बिचारा. स्वतःची नोकरी गेली आणि माझ्या बापाची चौकशी करतो. मला तिथे ओरडावंसं वाटलं की असा चांगला वागू नकोस माझ्याशी, जिच्यामुळे तुझी नोकरी गेली ती काठी याच बापाच्या हाताखाली आहे. ट्रक आत गेला, धूळ खाली बसली, तोवर माझी ती वेळ निघून गेली. चहा प्यायलो. त्याने पैसे देऊ दिले नाहीत.


सोमवार, १० फेब्रुवारी

वजन घटलंय म्हणे माझं. पायल म्हणाली, मम्मी, तू स्लिम झालीस, कसं केलंस?


बुधवार, १२ फेब्रुवारी

ठरलं. सॅम्पल परत करायचं, शेठसमोर टेबलावर ठेवायचं, मुकेशच्या जागी माझं नाव पार्टीला कळवायला सांगायचं. नोकरी जाईल. जाऊ दे. पोळ्या लाटेन, पाळणाघर चालवेन. आधी आण्णांचं काहीतरी बघायला हवं, म्हणून आज शॉपमधून ट्रायलची एक आखूड बसकी मागून आणली. या वेळी तोंड उघडून मागितली. शेठ म्हणाला, "ले जा, भंगार ही है." इतकं सोपं होतं.

संध्याकाळी खरी काठी दाराआड ठेवली आणि ही आण्णांसमोर उभी केली. त्यांनी मनगट बेचकीत ठेवलं, चमचा भरला. मनगट खाली, तोंड वर, एक वीत अंतर. हात उचलला की थरथर, वरण सांडलं. मग त्यांनी युक्ती काढली. मान खाली घातली. पार छातीपर्यंत. तोंड चमच्याशी नेलं आणि जेवायला लागले.

त्या व्हिडिओतल्या माणसासारखे. तो दोन मिनिटं वाकला आणि विनोद करून मोकळा झाला. आण्णा पूर्ण जेवण तसेच, मान खाली घालून, ताटाकडे बघत. ताठ चालणारा माणूस. मालकासमोरसुद्धा ज्याने कधी मान झुकवली नाही, वस्तीत अजून सांगतात.

त्या रेघेसाठी मी बसले होते. एकदम आरामात.

उठून खरी काठी परत समोर ठेवली. माझ्याच्याने होत नाही. कोणाला वाकवू, यांना की त्याला?

पुसताना बघितलं, बेचकीतलं रबर घट्ट आहे. आणली तेव्हा एका बाजूने सुटलेलं होतं. आण्णांनी कधी चिकटवलं कळलंच नाही.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी सगळं सांगितलं आण्णांना. कॅमेरा नाही, बंदूक. मुकेश. मालिनी. सगळं. काठीची घडी करून डब्याच्या पिशवीत घातली, म्हटलं, उद्या नेऊन देते. ते म्हणाले, "ने. मी वाकून जेवेन. तोंडात गेल्याशी मतलब."

मी रडत होते. सहज, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, त्या हाताने रबर कसं चिकटवलंत हो?

"मी कुठे? मुकेशने. सहा डिसेंबरला. तू आणि पायल चैत्यभूमीला गेला होतात, मला या वर्षी जमलं नाही म्हणून तो दिवसभर माझ्याशी बसायला आला. काठी बघितली. खूप वेळ हातात धरून बसला. टेप लावली. मग दुचाकीच्या डिकीतून चिकटवायचं सोल्युशन आणलं, रबर बसवलं, मला खिचडी वाढली आणि मी जेवताना समोर बसून बघत राहिला. बंदुकीची आहे हेही त्यानेच सांगितलं, मी विचारल्यावर. म्हटलं, या घरात तरी ती जेवायलाच घालते. जाताना म्हणाला, ताईला बोलू नका, ती लगेच परत नेईल."

सहा डिसेंबर. माल तेव्हा समुद्रात होता. तेरा जानेवारीला तो माझ्या डाव्या हाताला उभा राहून शेठला म्हणाला, माझ्याकडून हरवलं.

मी मागची पानं चाळली. मी त्याला बिचारा लिहिलंय.